भोंगा झाला नाही त्या सकाळी

शाळेच्या स्मरणिकेसाठी सेठजींवर चार शब्द लिहून द्या, असं मंडळी मला तिसऱ्यांदा सांगून गेली. याआधी दोनदा दिले लिहून. दोन्ही वेळा छापून आलं तेव्हा त्यात 'दानशूर' आणि 'शिक्षणमहर्षी' हे मी न लिहिलेले शब्द होते, आणि मी लिहिलेली हकीकत गाळलेली होती. विचारलं तर म्हणाले, बाई, प्रसंग गौरवाचा आहे. मला राग आला. त्या हकिकतीत गौरव नाही असं यांना कोणी सांगितलं? म्हणून या वेळी कोणाला न देता माझं मीच लिहून ठेवते आहे.

सेठजींची गोंदियात राईस मिल होती आणि विडीचे कारखाने होते, दोन शहरात आणि एक देवरीकडे. तेव्हा आमचा गोंदिया भंडारा जिल्ह्यात मोडायचा आणि देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. सेठजी स्वतः तिसरी शिकलेले. सही करताना त्यांचे ओठ हलायचे. हिंदी बोलत, मराठी समजत आणि दोन्ही भाषांत सारखंच रागावत. अशा माणसाने मुलींचं हायस्कूल का काढलं हे मला आजही नक्की ठाऊक नाही. कोणी म्हणे इलेक्शन, कोणी म्हणे पुण्य. बाजारात तर थट्टा चालायची, धान भरडून झालं, आता सेठजी पोरी भरडणार. शाळा भरायची मिलला लागून असलेल्या धानाच्या गोदामात. भिंतींना चुना लावला होता, खिडक्या नव्या पाडल्या होत्या, पण पोत्यांचा वास काही गेला नव्हता.

मी फुलचूरची. आता फुलचूर शहरातच आल्यासारखं आहे; तेव्हा मध्ये धानाच्या बांध्या होत्या, रेल्वेचं फाटक होतं आणि पायी चांगला पाऊण तास लागायचा. बाबा दुसऱ्याची धानाची जमीन करायचे. माय सेठजींच्याच कारखान्यासाठी घरी विड्या वळायची. शाळेच्या मॅट्रिकच्या पहिल्याच तुकडीत आम्ही सात मुली होतो, सहा शहरातल्या आणि सातवी मी.

त्या वर्षी पोळ्यानंतर सौंदडहून माझ्यासाठी मागणी आली. घर चांगलं होतं, स्वतःची जमीन, दोन बैलजोड्या. बाबांनी दुसऱ्याच दिवशी माझी शाळा बंद केली. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस, घरी येऊन गेल्या, बाबा त्यांच्याशी बोललेही नाहीत. मग सेठजी आले. आमच्या अंगणातल्या बाजेवर बसले आणि म्हणाले, "मॅट्रिक होने दो. पास हुई तो मेरी शाला में मास्टरनी रखूंगा, लिख के देता हूं. परीक्षा में नहीं बैठी तो मैं इस दरवाज़े पर दुबारा नहीं आऊंगा."

बाबांनी खूप वेळ तंबाखू चोळली. मग म्हणाले, "ठीक आहे. पास झाली त पाहू. नाई बसली त वैशाखात सौंदडले लगन." सौंदडवाल्यांना तसा निरोप गेला. तेही थांबले. आणि तेव्हापासून मार्च महिन्यापर्यंत माझा जीव टांगणीला लागला, तो तसाच राहिला.

परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेला मिळालं. ही मोठी गोष्ट होती, कारण नाहीतर आम्हाला परीक्षेसाठी परगावी जावं लागलं असतं आणि मग माझं काय झालं असतं ते सांगायला नको. आदल्या दिवशी बाहेरगावचे एक परीक्षाप्रमुख आले. बाकांची पाहणी चालू असताना सेठजी स्वतः एका बाकावर बसले. बाक लहान, सेठजी मोठे. आम्ही तोंडावर पदर धरून हसलो. त्यांनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. पलीकडे मिल चालू होती. पेल्यातलं पाणी थरथरत होतं. आम्हाला त्या थरथरीची इतकी सवय की ती आमच्या कधी लक्षातच आली नव्हती.

"इसमें बच्ची लोग लिखेंगी कैसे?" ते म्हणाले आणि तिथूनच बॉयलरवाल्याला सांगितलं की आज संध्याकाळी आग विझव, परीक्षा संपेपर्यंत मिल बंद. आमच्या मोठ्या बाईही चकित झाल्या. धानाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. सात पोरींसाठी मिल बंद, ही बातमी सांजेपर्यंत सगळ्या बाजारात झाली. मी घरी गेले ती तरंगतच. मायला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा मायला सांगितलं. उद्यापासून मिल बंद, आमच्यासाठी.

आता पुढचं नीट वाचा, कारण यात माझी लाज आहे.

आमच्या घरी घड्याळ नव्हतं. फुलचुरात बहुतेकांकडे नव्हतं. सकाळी सात वाजता मिलचा भोंगा व्हायचा, त्यावर सगळं गाव चालायचं. भोंगा झाला की बाबा भाकर बांधून घ्यायचे, शेजारचा गडी बैल सोडायचा, माय विडीचं सूप मांडीवर घ्यायची आणि मी दप्तर उचलून निघायचे. पेपर आठचा. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, रोजच्या वेळेला निघ, पोचशील. रोजची वेळ म्हणजे भोंगा. मिल बंद आहे हे मला माहीत होतं. मिलशिवाय भोंगा होत नाही हेही शेंबड्या पोराला कळतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. भोंगा मिलचा आहे असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. तो सकाळचा होता.

त्यात आभाळ भरून आलेलं. दिवस मोहफुलांचे होते, माय फुलं झाकायची की वाळवायची या काळजीत. सूर्य दिसतच नव्हता. मी न्हाऊन, वेणी घालून, नवा टोकदार टाक आणि दौत फडक्यात बांधून सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसले होते. एक कविता पाठ म्हणत होते. पाठ म्हणून झाली, पुन्हा म्हटली. मग व्याकरण काढलं.

"भोंगा नाई झाला का वं अजून?" मायने आतून विचारलं.

"नाई."

बाबा रात्रीच खळ्यावर लाखोळीच्या पिकाची राखण करायला गेले होते. शेजारचा गडी दोनदा बाहेर येऊन आभाळाकडे बघून आत गेला. त्याचे बैलही खुंट्यालाच. कोणीतरी म्हणालं, आज सकाळ लांबलीच. अख्खं गाव वाट पाहत होतं. उठून निघावं असं एकदाही मनात आलं नाही. आज हे लिहिताना मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

तिकडे काय झालं ते मोठ्या बाईंनी मला नंतर सांगितलं. सेठजी साडेसातपासून शाळेच्या दारात उभे होते, पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळाला टिळा. एकेका मुलीला दहीसाखर देत होते. सहा झाल्या. "फुलचूरवाली?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, येईल, रोज वेळेवर येते. आठला पाच कमी असताना त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा माझ्या वर्गातली एक सहज बोलून गेली की ती तर भोंग्यावर निघते. सेठजींनी मान वळवून मिलच्या चिमणीकडे पाहिलं. धूर नव्हता. बाई म्हणाल्या की त्यांनी दह्याची वाटी तशीच जमिनीवर ठेवली आणि धावत सुटले. त्यांना धावताना याआधी कोणीही पाहिलं नव्हतं.

मोटारीचा ड्रायव्हर सुट्टीवर. मिल बंद म्हणून त्यांनीच दिलेली सुट्टी. बॉयलर थंड, वाफ धरायला अर्धा दिवस लागला असता, त्यामुळे भोंगा वाजवायचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावर टांगा मिळाला तो घेतला.

मला प्रथम घोड्याच्या टापा ऐकू आल्या. टांगा अंगणाशी थांबायच्या आत सेठजी ओरडले, "बैठ! आठ बज गए, बैठ!"

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं, असं कसं होईल, भोंगा तर झाला नाही. आणि तेवढ्यात ते कळलं. ते कसं कळलं ते सांगता येत नाही. माय फडकं हातात कोंबत होती आणि मला ते धरता येत नव्हतं.

नियम असा की अर्ध्या तासापर्यंत उशीर झाला तर आत घेतात. टांगेवाल्याने घोडा जीव तोडून पळवला. सेठजींच्या हातात खिशातलं घड्याळ होतं. ते मिनिटागणिक बघत होते आणि मला काही सांगत नव्हते. मी विचारलं, "किती झाले?" तर म्हणाले, "तू अपनी कविता याद कर." कविता! माझ्या डोक्यात एक ओळ उरली नव्हती.

आणि फाटक बंद. छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची, मालगाडी फाटकावरच आडवी उभी होती, डबे मागेपुढे करत. मी टांग्यातून उडी मारली. डब्याखालून पलीकडे जायचं, त्यात काय? आम्ही फुलचूरची पोरं आठवड्यातून दोनदा तरी तसेच जायचो. मी वाकले तोच सेठजींनी मागून माझं मनगट धरलं.

"सोडा मले!"

"नहीं."

"आमी रोज जातो!"

"गाड़ी हिली तो? तेरे बाप को क्या बोलूं मैं?"

मी हिसडे दिले, रडले, एवढ्या मोठ्या माणसाला वाटेल ते बोलले. त्यांनी हात सोडला नाही. डबे धाडकन हलले, थांबले, पुन्हा हलले. मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले होते. किती वेळ गेला मला माहीत नाही, पण मला तेव्हा त्या माणसाचा जितका तिटकारा आला तितका आयुष्यात कोणाचा आला नाही. हे स्मरणिकेत छापा म्हणावं.

शाळेच्या दारात परीक्षाप्रमुख उभे होते. त्यांच्याही हातात घड्याळ. "सात मिनिटं जास्त झाली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून अधिकच भीती वाटली. मोठ्या बाईंनी त्यांना भोंग्याचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग सेठजींकडे वळून म्हणाले, "इमारत तुमची आहे, तुम्ही म्हणाल तर मी हिला आत बसवतो. पण मला तसं लिहावं लागेल. वर कळलं तर केंद्र रद्द होईल, आणि आतल्या सहाजणींचे पेपरही."

मी सेठजींकडे बघत होते. या माणसाच्या एका शब्दावर मिल थांबली होती. पोलीस ठाण्यातले साहेब त्यांना उठून नमस्कार करायचे. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांचे ओठ हलले, सही करताना हलायचे तसे. खिडकीतून आतल्या मुलींच्या खाली घातलेल्या माना दिसत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही.

मी रडले नाही. वळले आणि घराकडे चालू लागले. टांगा मागून येत होता. "बैठ जा बेटी," टांगेवाला म्हणाला. मी बसले नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर टांगा रिकामाच होता आणि सेठजी त्याच्या मागे पायी येत होते, बाजाराच्या भर रस्त्यातून, लोकांच्या डोळ्यांदेखत. कोणी नमस्कार केला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

अंगणात आम्ही पोचलो तेव्हा बाबा खळ्यावरून आले होते. त्यांना बातमी कळली होती. मायच्या मांडीवर सूप होतं, पण हात थांबलेले. शेजारी गोळा झाले. बाबांनी सेठजींसाठी बाज पुढे केली. सेठजी बाजेवर बसले नाहीत, खाली सारवलेल्या जमिनीवर बसले. त्यांचं धोतर धुळीने भरलं होतं.

"तुमी त दुबारा येनार नोहते," बाबा म्हणाले.

"हां. बोला था." सेठजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मिल मैंने बंद की. भोंगे का ध्यान मुझे नहीं रहा. लड़की की गलती नहीं है, गलती मेरी है. एक साल और दो."

बाबा जमिनीकडे बघत होते. आणि मग माय बोलली. परपुरुषासमोर ती कधी बोलायची नाही, सेठजींसमोर तर नाहीच.

"सेठजी, एक विचारतो. तुमच्या कारखान्यात माहा कट्टा जाते. त्यात दोन विड्या वाकड्या निंगाल्या का तुमचा चेकर सगळा कट्टा फेकते. छाट म्हन्ते. दिवसभराचं काम माहं छाटीत जाते. मी म्हन्तो, बाबू, बाकीच्या पाहा ना गा. तो पाह्यत नाई. आता तुमची चूक झाली. तुमाले काऊन आखीन एक वरीस देवाचं? तुमाले काऊन छाटू नये?"

मी मायकडे बघतच राहिले. बाबांनी तिला गप्प करायला हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला. सेठजींचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, उठून जातील आणि उद्यापासून मायचं विडीचं काम बंद. तसं झालं असतं तर आमच्या घरची चूल अडली असती, आणि हे त्या अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, मायला तर सगळ्यात जास्त.

ते उठले नाहीत. म्हणाले, "ठीक बोली बाई. छांटना है तो छांट दो. मेरे पास जवाब नहीं है." आणि मग माझ्याकडे बोट करून, "पर इसको मत छांटो. मेरी गलती में इसको मत फेंको."

एवढं बोलून ते गेले, पायीच. टांगेवाल्याला त्यांनी केव्हाच परत पाठवलं होतं.

कारखान्यातली छाट नंतर बंद झाली का, असं लोक मला विचारतात. नाही झाली. आमच्या भागात एक नवा चेकर आला, तो थोडा बरा होता, एवढंच. सेठजी काही एका सकाळीत बदलले नाहीत, आणि तसं कोणी भाषणात सांगत असेल तर ते खोटं आहे. पण मोठ्या माणसाने आमच्या अंगणात बसून 'माझ्याकडे उत्तर नाही' म्हणावं, हे मी नंतरच्या आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. मंत्री पाहिले, संस्थाचालक पाहिले, नाही पाहिलं. म्हणून मी त्यांना मानते. शाळा पुष्कळांनी काढल्या.

बाबा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. शहरातल्या मुलींचे पेपर चालू होते; माझा पहिलाच बुडाला होता, पुढचे देऊन उपयोग नव्हता, म्हणून मी मोहफुलं वेचत होते. वैशाखाला महिना उरला होता. मायने एकदा विचारलं तर बाबा तिच्यावर खेकसले, कायले विचारते घडीघडी. मी समजले. सौंदडचं घर कसं असेल, विहीर जवळ असेल की लांब, याचा विचार मी करू लागले होते, आणि तो करताना मला स्वतःचीच चीड येत होती.

तिसऱ्या दिवशी बाबांनी धुतलेला सदरा घातला आणि सकाळच्या गाडीने सौंदडला गेले. लग्नाची तारीख काढायला, दुसरं काय असणार? माय दिवसभर सूप घेऊन बसली, पण तिच्याच्याने एक विडी सरळ वळली गेली नाही. मी आत पडून होते.

दिवस मावळायला बाबा आले. पाय धुतले. पाणी प्यायले. माय दाराच्या चौकटीला धरून उभी.

"काय म्हन्ले?" तिने विचारलं.

"म्हन्तीन काय? चिडले. दुसरी पाह्यतो म्हन्ले."

"आन तुमी काय सांगतलं त्याहिले?"

बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगतलं, पोरगी शिकून राहिली आहे."